"आवाज"च्या पुढचा शब्द

बुधवार, १५ जानेवारी २०२५, सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम वर लिहिली. आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत कृष्णकांतचे दोन्ही स्पीकर जाळण्यात आले. एकतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईचे डोळे काहीही बिघडलं की आधी घड्याळाकडे जातात. तेव्हा वेळेबद्दल कुणी माझ्याशी वाद घालू नये.

गुन्हेगार नागपूरच्या बर्डीवरचे मनोहरराव ठोंबरे. ऑडिओचं दुकान आहे. पाटी इंग्रजीत आणि तिच्यात स्पेलिंगच्या दोन चुका. मागच्या आठवड्यात त्यांच्या काउंटरवर उभी राहून मी स्वच्छ सांगितलं होतं, स्पीकर चाळीस वर्षांचे आहेत, नवऱ्याने हाताने केलेले आहेत, त्यांना झेपेल असा लहानसा ॲम्प्लिफायर द्या. मनोहरराव म्हणाले, "एकदम म्याच होते मॅडम, डोळे मिटून घेऊन जा." मागच्या बाकावर त्यांचे मेकॅनिक नत्थूजी तारांना डाग देत बसले होते. साठीचे गृहस्थ, गळ्यात मफलर, गालात तंबाखूचा खर्रा. ते मान वर न करता काहीतरी पुटपुटले. मोठाच घ्या, लहान नका घेऊ, असं काहीसं. मला हसू आलं. मोठं मशीन गळ्यात मारायची ही जुनी रीत.

आज तेच नत्थूजी मशीन जोडायला आले. कृष्णकांतची खाट खिडकीशी आहे आणि स्पीकर तिच्या दोन बाजूंना. सागवानी खोकी, मागच्या फळीवर त्याच्या अक्षरात "८ ओहम, ६० वॅट". समोर कपाट, कपाटाला आरसा, आरशाखालच्या फळीवर मशीन. नत्थूजी खाटेजवळ गुडघ्यांवर बसून तार खोचत होते. अनुसया, दिवसभर कृष्णकांतचं करायला असते ती, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मी तोडीची तबकडी लावली. आवाज अगदी मरतुकडा. मी बटण जरा फिरवलं.

"आवाज," कृष्णकांत म्हणाला.

मे महिन्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, तबकडी चालू असताना, हा एवढा एक शब्द परत आला. मी तेव्हा देवघरात जाऊन रडले होते. तो "आवाज" म्हणतो, मी वाढवते. पुन्हा म्हणतो, पुन्हा वाढवते. तीन महिने आमचा सगळा संवाद हा आहे, आणि मला तो पुरत होता.

आजही वाढवला. पुन्हा "आवाज". आणखी वाढवला. तिसऱ्यांदा त्याने जरा जोर लावून म्हटलं असावं, आरशात त्याच्या मानेची शीर दिसली. नत्थूजी माझ्याकडे बघून हात हलवायला लागले. मला वाटलं पकड मागताहेत. चौथ्यांदा कृष्णकांतचे ओठ हलले. मी बटण शेवटापर्यंत नेलं.

मग वास आला. नत्थूजींनी उठून प्लग ओढला, बाहेर जाऊन खर्रा थुंकला, परत येऊन माझ्या समोर उभे राहिले आणि प्रथमच समजेल असं बोलले. "मॅडम, मी बोललो होतो तुमाले. लहान मशीन मोठ्या डब्ब्याले पुरत नाही. मग माणूस त्याले पिळत राह्यते. पिळला का आवाज फाटते, अन फाटलेला आवाज हा वरचा लहान स्पीकर जाळते. मोठं मशीन असतं अन हळू लावलं असतं, त काहीच झालं नसतं."

"म्हणजे माझी चूक."

"चूक कोनाची ते मी नाही बोलून राहिलो. काय जळलं ते सांगून राहिलो."

खालचे मोठे स्पीकर शाबूत आहेत. वरचे लहान, बारीक सुरांचे, ते दोन्ही गेले. आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. तेव्हापासून कृष्णकांत एक अक्षर बोललेला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

मनोहररावांना पत्र पाठवलं. इंग्रजीत, एकोणीस ओळी, कुठेही आवाज न चढवता. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने ते वर्गात वाचून दाखवलं असतं. त्या शाळेत मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहीत, आणि माझं नाव वर्षभर फळ्यावरच होतं. तासाभराने मोबाइलवर मनोहररावांचं उत्तर आलं. अंगठ्याचं चित्र.

शब्द: नाही.

ही शेवटची ओळ चिन्मयीसाठी. ती कृष्णकांतचे बोलण्याचे व्यायाम घेते. ही वही तिच्याच सांगण्यावरून सुरू झाली. काका जे बोलतील ते तारीख-वेळेसकट लिहा, म्हणाली. बाकीचं मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. तिला दाखवताना फक्त शेवटची ओळ दाखवते, वरच्या मजकुरावर हात ठेवून.

शनिवार, १८ जानेवारी

चिन्मयी आली होती. मुलगी चांगली आहे, फक्त तोंडातल्या तोंडात बोलते. बोलायला शिकवणाऱ्या बाईने असं बोलावं याची मला गंमत वाटते. मी तिला खिडकीसमोर बसवते, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो.

तिने बुधवारचं सगळं विचारलं. चौथ्या वेळी नेमकं काय झालं? मी म्हटलं, ओठ हलले, गाण्यात ऐकू आलं नाही.

"कसे हलले? उघडे राहिले की मिटले?"

मी डोळे मिटून आरसा आठवला. "आधी उघडे. मग मिटले. मग परत उघडले."

चिन्मयीने पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून सावकाश बोलली, "काकू, 'आवाज' म्हणून बघा. ओठ कुठेच एकमेकांना टेकत नाहीत. टेकले असतील, तर काकांनी 'आवाज'च्या पुढे काहीतरी म्हटलंय. दुसरा शब्द."

आठ महिन्यांत पहिल्यांदा दोन शब्द जोडून. ते मी ऐकलं नाही.

तिने आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना कृष्णकांतकडे पाठ केली. पंधरा फेब्रुवारीला तिचे सहा महिने होतात. तोवर एकाच शब्दावर गाडी अडली असेल तर बोलण्याचे व्यायाम थांबवायचे आणि चित्रांचा तक्ता द्यायचा. पाणी, भूक, संडास, दुखतं. बोट ठेवायचं आणि मागायचं. पण दोन शब्द जोडले असतील तर ती वेगळी पायरी आहे, मग ती थांबणार नाही. "पण मला तो शब्द कळायला हवा, काकू. त्याच्यावरच पुढचं काम सुरू करता येईल. खोलीत आणखी कोण होतं?"

मी म्हटलं, बघते.

शब्द: नाही.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी आंघोळीनंतर कपाटाच्या आरशासमोर उभी राहून एकेक शब्द म्हणून पाहिला. कृष्णकांत झोपला होता.

"आवाज वाढव." ओठ टेकत नाहीत. तीनदा पाहिलं. "व" म्हणताना खालचा ओठ दातांजवळ जातो, तेवढंच.

"आवाज कमी." टेकतात.

"आवाज बंद." टेकतात.

नंतर "भारती" म्हणून पाहिलं. "भा"ला टेकतात. स्वच्छ टेकतात.

त्याने माझं नाव घेतलं. मला तरी तसंच वाटतं. कृष्णकांत तेव्हा अमरावतीच्या एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर होता आणि मी नागपूरच्या बोर्डावर. वर्षभर तो मला फक्त माझ्या आवाजाने ओळखत होता. दुसऱ्या मुलीने लाइन घेतली तर "मॅडमना द्या" म्हणायचा. भारतीचा आवाज, असं त्याला म्हणायचं असेल. यात न पटण्यासारखं काय आहे?

शब्द: नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

घराची घंटा बिघडली आहे. अनुसया अर्धा तास दाराबाहेर उभी होती, म्हणते. कन्हानहून दोन बस बदलून येते, म्हणून मी फार काही बोलले नाही.

"बाई, मी वाजवून वाजवून थकली. आतून कुकरची शिटी मले बाहेर ऐकू येऊन राहिली होती. सात झाल्या. तुमाले नाही आली?"

कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला होता. मी म्हटलं, मी वाचत होते.

आल्याबरोबर तिने कृष्णकांतची मान पुसली आणि माझ्याकडे न बघता काहीतरी बोलली. मी म्हटलं, इकडे तोंड करून बोल. मग केलं. "साहेबांले त्या बाजाचा तरास होत होता, बाई. तुम्ही वाढवलं का ते तोंड भिताडाकडे करत. मी रोज पाहून राहिली होती. पण आपन काहून बोलावं?"

"त्यांना तबकडी आवडते, अनुसया. आयुष्यभर आवडली आहे."

"तबकडी आवडते. मी कुठी नाही म्हणते?"

तिला गाण्यातलं काय कळतं, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. मुद्दा गाण्याचा नव्हता, हे मलाही कळतं.

वरच्या मजल्यावरच्या नूपुरची चिठ्ठी कपड्यांखाली सापडली, डिसेंबरची. परीक्षा आहे, जरा हळू लावाल का, अशी. तेव्हा मी ती दुर्लक्षण्याजोगी म्हणून ठेवून दिली होती. आजच्या मुलांना शांतता लागते ती फक्त दुसऱ्यांनी पाळायची.

शब्द: नाही.

रविवार, २६ जानेवारी

पुष्करचा व्हिडिओवर फोन. बंगलोरला तो आणि त्याची बायको दोघंही सकाळपासून रात्रीपर्यंत कॉम्प्युटरसमोर, तरी रविवारची वेळ चुकवत नाही. मी त्याला जुन्या मशीनचं सांगितलं. तेही कृष्णकांतनेच केलेलं, याच स्पीकरांसाठी. एक हिवाळाभर खोकी आणि मशीन एकमेकांना जुळवत बसला होता, तेव्हा पुष्कर दोन वर्षांचा होता. मागच्या वर्षभरात त्या मशीनचा आवाज खालावत गेला. आधी तानपुऱ्याची जवारी नाहीशी झाली, मग झांजा, मग बायकांच्या आवाजातली धार. बटण शेवटापर्यंत न्यावं लागायचं. म्हणून नवीन घेतलं.

पुष्कर म्हणाला, "आई, जुना नत्थूजींना दाखवला होतास?"

"दाखवला. म्हणाले, याले काही नाही झालं. तीस सेकंद बघून."

पाठीमागे त्याची बायको काहीतरी बोलली. मग तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. "आई, तू माझ्याशी ओरडून बोलतेयस, माहितेय? दिवाळीत पण ओरडत होतीस. कान तपासून घे ना एकदा."

मी त्याला सांगितलं की या कानांनी मी एकाच वेळी बावीस लाइनी ऐकल्या आहेत. इटारसीहून घरघरत येणाऱ्या लाइनवर मी मेलेल्या माणसाचं नाव एकदाच ऐकून बरोबर लिहून घ्यायची. नाव परत विचारायला लागू नये म्हणून. समोरच्याला ते दुसऱ्यांदा सांगायला लावायचं नसतं.

"हो आई," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतोय."

म्हणूनच म्हणजे काय, ते विचारलं नाही.

शब्द: नाही.

बुधवार, २९ जानेवारी

कृष्णकांत जेवत नाही. चार चमचे, मग तोंड मिटतो. डाव्या हाताने चमचा ढकलतो. मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, "आवाज म्हण. नुसतं आवाज म्हण." त्याने माझ्याकडे बघितलं. या माणसाने सेहेचाळीस वर्षांत मला कधी दुरुत्तर केलं नाही आणि आज त्याची नजर मला एखाद्या दुरुत्तरासारखी लागली. चौदा दिवस झाले.

मनोहररावांना दुसरं पत्र, या वेळी मराठीत. नवीन लहान स्पीकर बसवून द्या आणि तुमचं मशीन परत घेऊन जा. त्यांनी होकार कळवला. मराठीची ही ताकद मला शाळेत कुणी सांगितली नव्हती.

शब्द: नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजचं क्रमाने लिहिते. त्याशिवाय लिहिता येणार नाही.

दहा वाजता नत्थूजी आले. दोन्ही लहान स्पीकर बसवले. मनोहररावांचं मशीन काढून खोक्यात भरलं आणि न विचारता कृष्णकांतचं जुनं मशीन फळीवर ठेवलं. "हेच बरोबर हाय मॅडम. ज्याचं त्याले." तबकडी त्यांनीच लावली. मी खुर्चीवर बसले. अनुसया खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

तबकडी फिरताना दिसत होती. मी वाट बघितली. नत्थूजी हात बांधून उभे. अनुसया मान एका बाजूला करून खिडकीबाहेर बघत होती. कुणी काही करेना. मी म्हटलं, "लावा आता, कशाची वाट बघताय?"

अनुसया माझ्या जवळ आली. माझ्या समोर वाकली. "बाई, केव्हाचं सुरू हाय."

मी उठून गेले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. लाकूड थरथरत होतं. अगदी बारीक, मांजर झोपेत गुरगुरतं तसं. आणखी जवळ वाकले तेव्हा कुठे खालचे सूर आले, दूरच्या खोलीतून यावेत तसे. बाकी काही नाही.

मग कृष्णकांतकडे पाहिलं. तो भिंतीकडे नव्हता. चेहरा सैल पडला होता, आणि रजईवर त्याच्या डाव्या हाताचं बोट ताल धरत होतं. एक, दोन, तीन, चार. मे महिन्यानंतर मी हे पहिल्यांदा पाहत होते.

सवयीने माझा हात बटणाकडे गेला. बोटं टेकली तोच त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. लहान मुलं इंजेक्शनच्या आधी मिटतात तसे. त्याचं बोट थांबलं.

मी हात मागे घेतला. बऱ्याच वेळाने ते बोट पुन्हा हलायला लागलं.

नत्थूजींना फाटकापर्यंत सोडायला गेले. अनुसया सोबत नको होती, तिला चहाला लावलं. फाटकाशी मी सरळ विचारलं, "त्या दिवशी साहेब चौथ्यांदा काय बोलले? तुम्ही त्यांच्या उशाशी होतात."

नत्थूजी स्कूटरला खोकं बांधत होते. मफलर तोंडावर, गालात खर्रा. ते बोलले. दोन वाक्यं, कदाचित तीन. शेवटी माझ्याकडे बघून मान हलवली. पहिलं वाक्य कळलं, "साहेबांनी म्हटलं तवाच ऐकलं असतं त जळलाच नसता." पुढचं, तो शब्द, मफलरमध्ये राहिला.

पुन्हा विचारायचं. एवढंच करायचं होतं. तोंडावरचं ते काढा आणि पुन्हा सांगा.

मी "बरं" म्हटलं. ते गेले.

शब्द: नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल "बरं" का म्हटलं? बोर्डावर एखादी नवीन मुलगी न ऐकता "बरं" म्हणून लाइन सोडायची, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर उभं करायची. ऐकलं नाहीस तर विचार, खोटं "बरं" म्हणू नकोस, त्या टोकाला माणूस आहे. किती मुलींना रडवलं. करिष्मा नावाची एक होती, तिने नोकरीच सोडली. नंतर कळलं की तिचा एक कान लहानपणापासून गेलेला होता. मी तेव्हा म्हणाले होते, मग या खात्यात यायचं कशाला.

आज तबकडी लावली नाही. लावून किती ठेवायची ते मला कळत नाही. अनुसयाला विचारावं लागेल.

ऑक्टोबरपासूनच्या नोंदी वाचल्या. "आवाज", एकेचाळीस वेळा. प्रत्येक नोंदीपुढे मी लिहून ठेवलं आहे, "वाढवला".

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी नत्थूजींना फोन केला. ते बुटीबोरीला आहेत, एका कारखान्याच्या सभागृहात स्पीकर बसवायचं काम, महिनाअखेरपर्यंत. माझा प्रश्न त्यांना कळला. उत्तरही त्यांनी दिलं. पाठीमागे यंत्रं चालू होती. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. पुन्हा सांगा. सांगितलं. आमच्याकडे नियम होता, दोनदा विचारूनही कळलं नाही तर लाइन खराब आहे असं लिहायचं आणि तोडायची. मी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. ते ओरडले असावेत, कारण मोबाइल हातात थरथरला. मला फक्त फटफट ऐकू आली.

अनुसया शेजारी उभी होती. तिला फोन दिला असता तर तिने ऐकून सांगितलं असतं. तिने हातही पुढे केला होता. मी फोन बंद केला.

तिच्या तोंडून नको आहे. ती आधीच ठरवून बसली आहे. आणि एकदा का तिने सांगितलं, की ते सांगणं संपेल, मला पुन्हा पुन्हा तपासता येणार नाही. बोललेलं मी आता धरून ठेवू शकत नाही. लिहिलेलं मात्र मला अजून दिसतं.

पुष्करने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रामदासपेठ, अठरा तारीख. जाईन. आधी हे.

शब्द: नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तबकडी लावली. बटणाला अनुसयाने हात लावला, मी खुर्चीवर बसून राहिले. कृष्णकांतचं बोट हलत होतं. मी त्या बोटाकडे बघून ताल मोजला, कारण दुसरीकडे कुठे तो मला सापडत नव्हता.

चिन्मयीला फोनवर निरोप लिहिला, पंधरा तारखेला तक्ता आणू नकोस. तिने लिहिलं, काकू, शब्द कळला का? मी लिहिलं, मागवला आहे.

शब्द: नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

पत्र तयार झालं. अनुसया संध्याकाळी बर्डीवरून बस पकडते, जाताना दुकानात देईल आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेईल. मजकूर इथे उतरवून ठेवते.

श्री. मनोहरराव ठोंबरे यांस,

दिनांक १५ जानेवारी रोजी सकाळी ११.४० वाजता घडलेल्या प्रकाराबाबत मी तुम्हाला याआधी दोन पत्रं लिहिली आहेत. लहान ॲम्प्लिफायर मी मागितला होता आणि बटण मीच फिरवलं होतं, हे मी इथे मान्य करते. "एकदम म्याच" असं तुम्ही म्हणाला होतात, हेही तुम्ही मान्य करावं. स्पीकर आता ठीक आहेत. त्याबद्दल माझी तक्रार उरलेली नाही.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. त्या वेळी तुमचे मेकॅनिक नत्थूजी माझ्या यजमानांच्या उशाशी होते. माझ्या यजमानांनी तीनदा "आवाज" म्हटलं आणि चौथ्यांदा त्यापुढे आणखी एक शब्द जोडला. तो शब्द नत्थूजींनी ऐकला आहे. त्यांनी मला तो फाटकाशी आणि पुन्हा फोनवर सांगितला, पण मला तो समजला नाही. यात त्यांचा दोष नाही.

तो शब्द "कमी" असू शकेल, "बंद" असू शकेल, किंवा माझं नाव असू शकेल, जे भारती आहे. यांपैकी कुठलाही नसेल तर जो असेल तो. मला बरं वाटावं म्हणून बदलू नये. नत्थूजींकडून विचारून घेऊन, त्यांनी सांगितला तसाच्या तसा, कागदावर ठळक अक्षरात लिहून, खाली त्यांची सही घेऊन पाठवावा. सही बुटीबोरीहून यायला उशीर होणार असेल तर तुमची चालेल. माझे यजमान त्यानंतर बोललेले नाहीत. त्यांनी उच्चारलेला तो शेवटचा शब्द आहे आणि त्यांच्यावरचे उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही हे त्यावर ठरणार आहे.

कृपया फोन करू नये. माणूस पाठवून तोंडी निरोप देऊ नये. लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हाती मिळालं पाहिजे. घराची घंटा ऐकू येत नाही, तरी दार उघडं ठेवलेलं असेल.

भारती कृष्णकांत सुभेदार